एकच्या जागी एल

९ सप्टेंबर

नाही, आधी तू मला सांग, तू आलीसच कशाला?

अख्ख्या शहरात कॉम्प्युटर शिकवणारी काय ती एकच जागा उरली होती? झेरॉक्सवाल्याच्या माडीवर चालतो तो क्लास काय वाईट होता? पण नाही. आमचंच सेंटर, माझीच बॅच, आणि त्यातही खिडकीजवळचा पीसी, जिथून मी फळ्यापाशी उभा राहिलो की समोर तूच दिसणार. वर माहेरचं नाव लावून आलीस. हजेरी घेताना मी एक नाव वाचलं, मान वर केली, तर तू! मला कसं कळणार होतं?

फोन उचलत नाहीस. मावशीला फोन केला तर ती म्हणाली, "ती म्हणतेय, जे काय असेल ते टाईप करून पाठव. मार्जिन सोडून." घे. सोडलंय मार्जिन.

आता परीक्षेचं. तुला मी नापास केलेलं नाही, आई. तुला बेरजेने नापास केलंय. प्रश्न अगदी साधा होता. दूकानातल्या मालाची यादी टाईप करायची, समोर किमती, खाली बेरीज. आणि तू जिथे जिथे एक हवा होता तिथे इंग्रजी छोटा एल दाबलास. मला माहितेय, तुझ्या जुन्या मशीनवर एकचं बटणच नव्हतं, सगळे टायपिस्ट एलनेच एक काढायचे. कागदावर ते खपायचं, कारण बघणाऱ्याला एक दिसला की काम झालं. पण कॉम्प्युटर बघत नाही. तो मोजतो. त्याच्या लेखी एल म्हणजे अक्षर, आणि अक्षरांची बेरीज होत नाही. यात माझा काय दोष?

त्यात तू कीबोर्ड असा बडवतेस की शेजारचा चष्मेवाला दर ओळीला दचकतो. प्रत्येक ओळ संपली की धाडकन एंटर. किती वेळा सांगितलं, ओळ आपोआप खाली जाते, तू नको ढकलूस. तुझं आपलं एकच, "आपोआप गेलेलं मला कळत नाही."

तुझी शीट मी समोरच्या पडद्यावर लावली ती सगळ्यांना चूक समजावी म्हणून. शिकवायची पद्धत असते ती. नाव झाकलं होतं मी. कुणाला कळलंही नसतं. तूच उठून उभी राहिलीस. "माझं आहे ते, सर." सर! पोटच्या मुलाला! टोमणा मारायला तुला तीच वेळ सापडली?

आणि कुणी हसलं नाही. तू उगाच मनाला लावून घेतलंस आणि बॅग भरून मावशीकडे जाऊन बसलीस.

फेरपरीक्षा तीस तारखेला आहे. वकीलबाई त्यापुढे थांबणार नाहीत हे तूच मला सांगितलं होतंस. सर्टिफिकेट दाखवलं तर त्यांच्या ऑफिसातली टायपिस्टची खुर्ची तुझीच, नाहीतर त्यांच्या भाचीची मैत्रीण तयारच बसलीय. तेव्हा रुसायचं ते परीक्षा झाल्यावर रूस. आता ये.

तुझा

(सर नव्हे)


१५ सप्टेंबर

पत्र परत मिळालं.

उत्तर येईल असं वाटलं होतं. पाकीट फोडलं तर आत माझंच पत्र, लाल पेनाने तपासलेलं. एका शब्दाभोवती गोल. "दुकानातल्या"मधला दु मी दीर्घ काढला होता म्हणे. बरं, चुकलं. आणि एका वाक्याखाली रेघ.

तुझ्या टायपिंगच्या क्लासात गोल म्हणजे शुद्धलेखन आणि रेघ म्हणजे पुन्हा टाईप करा. मला आठवतं ना. पुढच्या खोलीत सहा मशीनं एकदम चालायची, मी आत गणितं सोडवायचो, आणि मध्येच तुझा आवाज यायचा, "पुन्हा!" सगळी मशीनं गप्प व्हायची. मग एकच मशीन भीत भीत सुरू व्हायचं.

रेघ कशाखाली आहे ते तुला माहितेय. "कुणी हसलं नाही."

पुन्हा तर पुन्हा.

हसले. मुलं हसली. तुझी शीट पडद्यावर होती, आणि तुला आता कळलंच असेल, खरे आकडे आपापल्या चौकोनात उजवीकडे सरकून बसतात आणि अक्षरं डावीकडे. म्हणजे तुझे अर्धे आकडे उजवीकडे आणि एलवाले सगळे डावीकडच्या भिंतीला चिकटलेले. ते बघून कुणीतरी म्हणालं, "हे आकडे रुसून बसलेत." तेवढ्यावर हसले. तुझ्यावर नाही, आकड्यांवर.

मग तू उभी राहिलीस. मग मात्र कुणी हसलं नाही, हेही खरं आहे, ते तू का नाही लक्षात घेत? ती पहिल्या बाकावरची मुलगी, जिला सगळे बडबडी म्हणतात, तिने तर चांगल्या मनाने विचारलं, "काकू, तुम्ही आधी कुठे शिकलात?" तू म्हणालीस, "शिकले नाही गं. शिकवलं." आणि पर्स उचलून निघालीस. जाताना पीसी नीट बंद करून गेलीस, स्टार्टवर जाऊन, शटडाउन दाबून, मी शिकवलं होतं तसं. स्क्रीन काळी होईपर्यंत थांबलीस. ते बघत मी तिथेच उभा होतो.

ही मुलं काही तुझ्यापेक्षा शहाणी आहेत असं नाही हां. पहिल्याच दिवशी एकाने मॉनिटरवर बोट घासलं, पान पुढे जाईल म्हणून. चष्मेवाल्याला मी म्हटलं, केलेलं काम सेव्ह कर, तर त्याने खिशातून फोन काढून स्क्रीनचा फोटो काढला. "झालं सेव्ह, सर." पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे तो. फोनवर ही पोरं काय वाटेल ते करतात, पण फाईल कुठे ठेवली ते विचारलं की माझ्याकडे असं बघतात जसं काही मीच लपवून ठेवलीय. उद्या मुलाखतीला जातील, समोरचा म्हणेल, जरा एक पत्र टाईप करून दाखवा, आणि हे दोन अंगठे पुढे करतील. म्हणून तर सेंटर काढलंय. आमचे संचालक प्रत्येक बॅचला सांगतात, डिग्री तुम्हाला दारापर्यंत नेईल, दार कीबोर्डने उघडायचंय.

तो फोटोवाला प्रकार झाला तेव्हा सगळा वर्ग खिदळत होता. तू नव्हतीस हसत. तू त्याला खुर्ची जवळ ओढायला लावलीस आणि हळू आवाजात म्हणालीस, "असू दे. माझा पहिला कागद मी उलटा घातला होता मशीनमध्ये."

हे मी का लिहिलं कोण जाणे.

नावाचं मात्र मी पुन्हा लिहितो, नाव तूच बदललंस. तू सरळ आपल्या नावाने आली असतीस तर हे एवढं झालंच नसतं.

ये लवकर. तुझ्या खुर्चीवर हल्ली चष्मेवाला दप्तर ठेवतो.


२१ सप्टेंबर

दोन रेघा.

एक "कुणीतरी"खाली. एकाच शब्दाखाली, तीही पट्टीने ओढलेली. दुसरी "नाव तूच बदललंस"खाली, इतकी दाबून की कागद फाटलाय.

मावशीला फोन केला. म्हटलं, ती काही बोलते का गं माझ्याबद्दल? मावशी म्हणाली, "बोलत नाही. तपासते. आणि मला या भानगडीत ओढू नकोस, मला दोघंही सारखेच. दोघंही सारखेच खडूस." फोन ठेवायच्या आधी म्हणाली, "जेवतोस का रे नीट?" मी म्हटलं हो. त्याच्याखालीही कुणीतरी रेघ ओढायला हवी.

बरं. पुन्हा.

"हे आकडे रुसून बसलेत" हे मी म्हणालो होतो. मी शीट लावली, मुलं शांतच होती, कुणाला काही कळलंच नव्हतं. तेव्हा मी म्हणालो, "बघा, यांचे आकडे कसे रुसून भिंतीकडे तोंड करून बसलेत." आणि हसून थांबलो. हसायला जागा दिली मी. मग ते हसले.

आणि नाव.

तू स्वयंपाकघरात होतीस. हात पुसत बाहेर आलीस आणि म्हणालीस, "वकीलबाई म्हणतात कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट लागेल. तुझ्याचकडे नाव घालते, म्हणजे घरी येऊनही विचारता येईल." किती खूश होतीस. आणि मी मोबाईलमधून मानही वर न करता म्हणालो, "मग माहेरचं नाव लाव." तू म्हणालीस, का रे? मी म्हणालो, तिथे उगाच चर्चा नको, सरांनी आईला पास केलं असं होतं मग. पटण्यासारखं कारण होतं. तू म्हणालीस, "बरं." मग मी आणखी एक म्हणालो. "आणि तिथे मला सर म्हण."

म्हणजे तू टोमणा मारला नव्हतास. तू ठरल्याप्रमाणे वागलीस. सगळा वर्ग तुझ्याकडे बघत असताना, स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने कबूल करताना, तुझ्या लक्षात राहिलं की याला सर म्हणायचंय.

आणि आई, ते पास करण्याचं कारण खोटं होतं. तसली चर्चा कुणी करत नाही, आमच्याकडे दोन शिक्षकांच्या बायका शिकून गेल्या. खरं कारण वेगळं आहे. संचालकांनी मला ठेवलं तेव्हा माझी टायपिंगची चाचणी घेतली होती. मी खाली न बघता टाईप करत होतो, तर ते उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले. "दहाही बोटं? हल्ली कुणी करत नाही. कुठे शिकलात?" मी म्हणालो, "ऑनलाइन."

तू माझ्या हातांवर नॅपकिन टाकायचीस, बोटं दिसू नयेत म्हणून. मी रडायचो. तू म्हणायचीस, "डोळ्याने शोधतोस ते विसरशील, बोटाने शोधलेलं नाही विसरणार." डाव्या करंगळीसाठी वेगळा सराव द्यायचीस. म्हणायचीस, ही करंगळी म्हणजे घरातला आळशी जावई, जागचा हलत नाही, नुसता मानपान पाहिजे. मी रडता रडता हसायचो आणि नॅपकिन खाली पडायचा.

ऑनलाइन म्हणे.

ते एकदा बोलून गेलो आणि मग ते सांभाळत बसलो. बॅचमध्ये सांगायला लागलो, जुन्या टायपिंग क्लासांनी लोकांना वाईट सवयी लावल्या. मुलांना आवडायचं. मग एक दिवस ती वाईट सवय लावणारी बाई खिडकीजवळ येऊन बसली आणि माझ्याकडे कौतुकाने बघायला लागली.

सॉरी लिहिणार होतो. लिहून पाहिलं, पुसलं. फार सोपं दिसत होतं.


२९ सप्टेंबर

यावेळी पत्र परत आलं नाही. मावशी म्हणाली, "तिने पेन काढलंच नाही. वाचलं आणि उशीखाली ठेवलं." परीक्षेला येणार का विचारलं तर म्हणाली, "मला काय विचारतोस? मी काय तिची सेक्रेटरी आहे?"

हे पत्र मी तुझ्या मराठी मशीनवर करतोय. कव्हर काढलं, धूळ पुसली. रिबन सुकलीय, म्हणून अक्षरं फिकट येतायत. कॉम्प्युटरवर मी फार पुसतो, आई. पहिल्या पत्रात "कुणी हसलं नाही" याच्या जागी आधी दुसरं काहीतरी होतं, ते तुला कधीच दिसणार नाही. इथे खोडलं तरी खोडलेलं दिसतं. ते बरं.

काल मी वर्गात सांगितलं. हजेरी घेताना तुझ्या नावापाशी आलो, गैरहजर म्हणायच्या ऐवजी म्हणालो, ही माझी आई आहे. मला टायपिंग हिने शिकवलं. ×××××××× मला वाटलं आता सुटलो. कुणीतरी म्हणेल, वा सर. तेवढ्यात बडबडीने हात वर केला. "सर, मग तुम्ही हसलात कशाला?"

सरळ विचारत होती गं. टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

मी म्हणालो, पान बदला, आज मेल कसा लिहायचा ते बघू.

तिला दिलं नाही ते उत्तर तुला देतो. मला तुझी ×××××××× मला तुझी लाज ×××××××××××

थांब. पुन्हा.

तुझी शीट उघडली तेव्हा बेरीज तपासायच्या आधीच मला कळलं की एकच्या जागी एल आहे. वर्गात दुसऱ्या कुणालाही कळलं नसतं. दिसायला दोन्ही सारखेच. मला कळलं, कारण माझंही बोट अजून तिथेच जातं. दमलो असेन, घाई असेल, तेव्हा एक लिहायचा असला की माझी उजवी अनामिका आपोआप एलवर पडते आणि मग मी गुपचूप मागे जाऊन दुरुस्त करतो. लहानपणी मी तुझ्या इंग्रजी मशीनवर शिकलो ना. एक हवा असेल तर एल दाब, तूच सांगितलं होतंस. ती चूक बघितली आणि मला वाटलं, आता सगळ्यांना समजणार मी कुणाचा. म्हणून कुणी काही ओळखायच्या आत मी हसलो. सगळ्यांच्या आधी हसलो. हसणारा माणूस त्यातला वाटत नाही.

एवढंच आहे. याच्याखाली रेघ ओढायची असेल तर ओढ, पण मला यापेक्षा खरं येत नाही.

आता कामाचं. उद्याची परीक्षा मी घेणार नाही. संचालकांना सगळं सांगितलं, त्या ऑनलाइनसकट. त्यांनी परीक्षेचं वेळापत्रक पुढे ओढलं. मग म्हणाले, "परीक्षेला दुसऱ्या सेंटरच्या मॅडम बोलावतो. तुमचं काय करायचं ते नंतर बघतो." बघू देत. तुझं नाव यादीत आहे, माहेरचं आहे तसंच आहे. तुला बदलायचं असेल तर मॅडमना सांग, नसेल तर राहू दे, तुझंच आहे ते. खिडकीजवळचा पीसी रिकामा ठेवायला सांगितलाय. चष्मेवाल्याने दप्तर उचललं आणि म्हणाला, "काकू येणार असतील तर मी शेजारीच बसतो, सर. सवय झालीय दचकायची."

मी तिथे नसेन. तुला कुणाला सर म्हणावं लागणार नाही.

यातलं काही मान्य नसलं तरी परीक्षेला ये. माझ्यासाठी नको. तुझी खुर्ची आहे ती, भाचीच्या मैत्रिणीने का म्हणून बसायचं तिथे?


(पुढचं पेनाने लिहितोय. मावशीच्या जिन्यात बसलोय. पोस्टात टाकलं असतं तर परीक्षेच्या आत पोचलं नसतं.)

पाकीट फटीतून सरकवून निघायचं ठरवलं होतं. दारापाशी आलो तर आतून आवाज. आधी वाटलं मावशी काहीतरी कुटतेय. मग ओळ संपली आणि तो धाडकन एंटर ऐकू आला.

मावशीने कुठून पैदा केला कीबोर्ड? मला म्हणाली नाही काही. सेक्रेटरीच आहे ती तुझी.

मी बसून ऐकतोय. तू आकडे मारतेयस, शब्द नाहीत, शब्दांची तुझी लय वेगळी असते. आणि आई, मध्ये मध्ये तू थांबतेयस. अगदी छोटं थांबणं. एलला थांबावं लागत नाही, तो बोटाखालीच असतो. ही थांबतेय ती डावी करंगळी. वरच्या ओळीत, पार कोपऱ्यात, एकपर्यंत जायला तिला जेवढा वेळ लागतो तेवढाच. पुन्हा थांबलीस. पुन्हा.

हललाय जावई.

आवाज बंद झाला. खुर्ची सरकली. मावशी विचारतेय, "कोण आहे गं बाहेर?" आणि तुझ्या चपला दाराकडे येतायत.

पाकीट आत सरकवतोय. निघालो.